नऊ सेंटीमीटर

कानुमाच्या कडेला, सुतारांच्या वखारीमागे
माझं टायरचं दुकान.
सकाळी हायातो आला
बापाची पांढरी लॉरेल घेऊन,
इतकी बुटकी केलेली
की दारातला गटारावरचा पत्रा तिला घाट वाटावा.
तिरकी घातली त्यानं आत, एकेक चाक करून,
भरली घागर घेऊन उंबरा ओलांडावा तशी.
तरी पोट घासलंच.
"चालायचंच," म्हणाला. कान मात्र लाल.

दोन चाकं मागच्या सीटवर, दोन डिकीत,
जुन्या रजयांत गुंडाळलेली.
ओसाकाच्या एका न्हाव्याकडून घेतलेली,
दीड वर्षाचा ओव्हरटाइम.
अठरा इंची, साडेनऊ रुंद, ऑफसेट अधिक बारा.
मी टेप लावली. पुन्हा लावली.
"पोरा, पाहुणा घरापेक्षा मोठा आहे."
"मग घर वाढवू," तो म्हणाला.

हीटरजवळच्या खुर्चीत त्याचा बाप, नुकागासान.
एकतीस वर्षं वाहन तपासणी केंद्रात.
अशा गाड्या त्यानं किती परत पाठवल्या
त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही;
त्यानं ठेवला असेल.
मुलाशी बोलायचं ते माझ्यामार्फत:
"त्याला विचारा, स्प्रिंगचं बिल ठेवलंय का."
हायातो तीन हातांवर उभा.
"ठेवलंय, सांगा."

हीट गननं मडगार्डची कड तापवली,
आणि टायर नि पत्र्याच्या फटीत
हायातोची शाळेतली बेसबॉलची बॅट सारली.
(हिला कधी धड चेंडू लागला नाही, म्हणे. खुर्चीतून आलं हे.)
त्यानं गाडी ढकलली, हळूहळू,
मी बॅट धरून.
कड आत मुडपत गेली, करंजीची मुरड पडावी तशी.
रंगाला आधी ऊब द्यायची, नाहीतर तडा जातो.
माणसांचंही, असं काहीसं बोलणार होतो,
पण हीट गनच्या आवाजात
ते फार ओरडून सांगावं लागलं असतं.

टायर अरुंद, दोनशे पंधराचे.
रिमवर असे ताणले
जसा धाकट्याचा सदरा थोरल्यानं चढवावा.
हवा भरत गेलो.
ठो! एक बाजू बसली.
ठो! दुसरी.
मांजर वखारीत पळालं. बाप हलला नाही.

मधल्या भोकात कडं घातलं, त्र्याहत्तरातून सहासष्ट;
ते नसलं की ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग हातात कापतं.
मग पाच नट, समोरासमोर,
चांदणी काढतो त्या क्रमानं.
पाना म्हणाला कट्.
कट्.
मागची चाकं दोन अंश आत कलली,
जिन्यात कुणाला वाट द्यावी तशी.

जॅक उतरवला.
हायातो चार पावलं मागे गेला, मग आणखी चार.
बघत राहिला. मीही.
खोटं कशाला, सुंदर दिसत होती.

तेव्हा बाप उठला.
खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं,
कोरं, सेलोफेनसकट.
सोडून अकरा वर्षं झालीत त्याला.
गुडघे मोडत वाकला
आणि ते पाकीट उभं धरून
सायलेन्सरखाली सरकवलं.
नियम नऊ सेंटीमीटरचा. पाकीट साधारण तेवढंच.
आडवं झालं.

कुणी काही बोललं नाही.
हायातोनंच जॅक ओढला,
मागचे दोन्ही कॉलर फिरवले, दोन आटे,
मग अर्धा आणखी.
पुन्हा पाकीट.
या वेळी गेलं. वरच्या कडेला जरा कुरकुरलं, पण गेलं,
उभ्यानं.
"त्याला सांगा," बाप मला म्हणाला,
"हवा कमी झाली की परत पडेल."

निघाले तेव्हा अंधारलं होतं.
बाप शेजारी बसला, गुडघे हनुवटीशी.
पत्र्याजवळ गाडी थांबली, काच खाली,
आणि आतून आवाज आला:
"डावीकडे. आणखी.
आणखी. थांब. आता सोड."
तरी घासलंच.

पाकीट माझ्या टेबलावर राहिलं.
मी ओढत नाही.
सेलोफेन एका कोपऱ्यात फाटलंय,
बाकी कोरं.
राहू दे.
शनिवारी दोन पोरं यायची आहेत, क्रेस्टा घेऊन.